चिनी पंख्यांची पाने व त्यांवरील खरवडलेली नावे

इंदुरीसारख्या गावी बसून चिनी पंख्यांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. इंद्रायणीच्या काठी सेनापती दाभाड्यांची गढी, जवळच भंडाऱ्याचा डोंगर, एवढीच या गावाची इतिहासास ओळख. चीन देशाशी तिचा काही संबंध जोडून दाखविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि एका चिनी कागदाने आमच्याच घरातील एका मराठी कागदाविषयी आम्हांस असे काही शिकविले की, ते या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे न मांडणे हा अपराध झाला असता. त्या शिकवणीत आमच्या हातून पूर्वी घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे. ती यथावकाश येईल.

गेल्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याचे बरेच आयुष्य जहाजावरील नोकरीत गेले. हाँगकाँग येथील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्याने एक चित्र विकत घेतले होते, ते त्याने काचेच्या चौकटीसह आमच्यापुढे ठेवले. "गुरुजी, तुम्ही मोडी वाचता, शिलालेख वाचता; यावर काय आहे तेवढे सांगा." शिष्याच्या या श्रद्धेपुढे आम्हांस चिनीचे एक अक्षरही येत नाही हे सांगावे लागले. मात्र ती वस्तू काय आहे हे पाहताक्षणी कळले. कागद धनुष्याकार होता. वरची कड सुमारे २० इंच, खालची त्याच्या निम्म्याहून कमी. आणि खालून वर पसरत जाणाऱ्या घड्यांच्या रेषा चित्राच्या आरपार गेलेल्या. मिटता येणाऱ्या पंख्याच्या काड्या काढून टाकून त्याचे पान सपाट चिकटविले होते. डाव्या अंगास काळ्या शाईने काढलेला एक खडक आणि त्यामागून वाकलेले वेळूचे दोन दांडे. उजव्या अंगास लेखाच्या पाच ओळी. शेवटी तांबडी चौकोनी मुद्रा. कागदावर सोन्याची बारीक कणी उडविलेली होती. आणि लेखाच्या तिसऱ्या ओळीत, दोन अक्षरांच्या जागी, कणीही नव्हती आणि शाईही नव्हती. तेथे कागद पातळ झाला होता. कोणीतरी तो खरवडला होता.

पुण्यातील एका चिनी जाणणाऱ्या स्नेह्यांनी लेख वाचून दिला. आधी वर्ष व महिना. मग प्राचीन चित्रकाराच्या पद्धतीस अनुसरून हे काढले, अशी विनयाची नोंद. मग ज्यास पंखा दिला त्याचे नाव असावयाचे, तेथे खरवडलेली जागा. तिच्यापुढे 'ज्येष्ठ बंधू, महाशय, यांनी चुका सुधारून घ्याव्यात' अशा अर्थाची औपचारिक अक्षरे. शेवटी देणाराचे नाव. आपल्या पत्रांच्या परिभाषेत बोलावयाचे तर मायना शिल्लक होता आणि ज्याच्यासाठी मायना लिहिला तोच नाहीसा झाला होता.

हे का व्हावे, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना जे वाचनात आले ते थोडक्यात देतो.

पंखा ही वस्तू आपणांस नवी नाही. अमराने व्यजन आणि तालवृन्तक असे दोन्ही शब्द दिले आहेत, आणि व्यजनाचाच विंझणा जुन्या मराठीत फिरत असे. परंतु आपला विंझणा वाळ्याचा, ताडाचा, मोरपिसांचा. त्याने वारा घ्यावा, देवास वा राजास ढाळावा, आणि झिजला की टाकून द्यावा. त्यावर लिहावे असे आपणांस कधी सुचले नाही. चिनी लोकांस ते फार लवकर सुचले, कारण त्यांच्याकडे लिहिणे आणि चित्र काढणे ही एकाच कुंचल्याची, एकाच शाईची कामे होत. वेळूचे चित्र त्यांच्याकडे 'काढीत' नाहीत, 'लिहितात'. आम्हां संस्कृत शिकलेल्यांस यात नवल वाटू नये. लिख् धातूचे दोन्ही अर्थ आहेत आणि चित्रास आलेख्य म्हणण्याची आपलीही परंपरा आहे. आपल्याकडे तो शब्दात राहिला. चीनमध्ये हातात राहिला, इतकाच भेद.

आरंभीचे पंखे मिटणारे नव्हते. दांड्यावर ताणलेल्या रेशमाचे गोल, अथवा बुरुडी कामाचे कोनदार, असे ते असत. चिनी लेखकांचा शिरोमणी वांग शी-ची (इ.स. ३०३–३६१) याची एक कथा राजवंशाच्या इतिहासातच नोंदलेली आहे. एक म्हातारी षट्कोनी पंखे विकत बसली होती. वांगने तिच्या प्रत्येक पंख्यावर पाच पाच अक्षरे लिहून टाकली. माल नासला म्हणून म्हातारी चिडली. "हे वांगचे अक्षर आहे एवढे सांग आणि शंभर नाणी माग," असे तो म्हणाला. पंखे हातोहात गेले. दुसऱ्या दिवशी म्हातारी आणखी पंखे घेऊन दारात उभी राहिली. तेव्हा मात्र तो नुसता हसला. सुमारे सात शतकांनंतर सू तुंग-पो या कवीविषयी अशीच हकीकत सांगतात. तो हांगचौ येथे अधिकारावर असताना पंखे विकणारा एक कर्जदार त्याच्यापुढे आला. पावसाने आणि थंडीने पंख्यांना गिऱ्हाईक नव्हते. सू तुंग-पोने कचेरीतल्याच शाईने २० पंख्यांवर अक्षरे, खडक, वेळू काढून दिले. लोकांनी ते प्रत्येकी हजार नाण्यांस घेतले आणि कर्ज फिटले. न्यायनिवाड्याची ही रीत आमच्या पेशवाईतील न्यायाधीशांस कितपत रुचली असती हे सांगवत नाही. पण दोन्ही कथांतील मर्म एकच आहे: पंख्याची किंमत वाऱ्यात नसून नावात आहे, हे चीनमध्ये बाजारातल्या माणसासही ठाऊक होते.

मिटणारा पंखा चीनचा नव्हे. तो जपानात निघाला आणि अकराव्या-बाराव्या शतकांत कोरियाच्या वकिलांबरोबर नजराण्याच्या रूपाने सुंग दरबारी आला. त्या काळी ती कौतुकाची वस्तू होती. मिंग राजवंशात, पंधराव्या शतकापासून, तो घरोघर गेला. पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयात त्या वंशातील श्युआन-ते बादशहाने स्वतः चितारलेला इ.स. १४२७ चा एक प्रचंड पंखा आहे. त्याची रुंदी सुमारे दीड मीटर भरते, म्हणजे तो वारा घेण्यासाठी नव्हताच. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सूचौ शहरातील शेन चौ, वेन चंग-मिंग, तांग यिन, छिउ यिंग या चौघांनी व त्यांच्या शिष्यांनी पंख्याचे पान ही चित्राची एक स्वतंत्र जातच करून टाकली.

ही जात कठीण खरी. एक तर कागद घड्यांचा. कुंचला सरळ ओढला तरी प्रत्येक उंचवट्यावर तो अडखळतो. दुसरे, सोनेरी कागद शाई पीत नाही. ती वर तरंगते, लवकर वाळत नाही, आणि चुकलेली रेघ झाकण्याची सोय नाही. तिसरे, पानास तळ नाही आणि क्षितिजही नाही, सर्वच वाकलेले. सपाट जमीन दाखवावयाची तर ती कमानीवर कशी बसवावी? सूचौच्या चित्रकारांनी त्यावर निरनिराळ्या युक्त्या काढल्या: कोणी एकाच कोपऱ्यात खडक व झाड ठेवून उरलेले पान धुक्यास सोडून दिले, कोणी कमानीसच नदीचे वळण केले. लेखकांची अडचण निराळी. पंख्याच्या दोन घड्यांमधील पट्टी वर रुंद व खाली अरुंद. तेव्हा एका पट्टीत पूर्ण ओळ आणि शेजारच्या पट्टीत वरची एक-दोनच अक्षरे, अशी लांब-आखूड ओळींची रचना त्यांनी रूढ केली. ज्याने बोरूने मोडी लिहून पाहिली आहे त्यास या शिस्तीचे मोल सांगावयास नको.

आता संग्रहाकडे वळू. पंखा उन्हाळ्यात देत. एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस अक्षरे. पुष्कळदा चित्र एकाचे व अक्षरे दुसऱ्याची, आणि दोघे मिळून तिसऱ्या मित्रास तो देत. निरोप देताना, वाढदिवसास, परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर, अथवा नुसते एकत्र बसून चहा घेतल्याची खूण म्हणून. म्हणजे पंखा ही वस्तू कमी आणि पत्र अधिक. ते पत्र घेणारा उन्हाळाभर हातात वागवी, चारचौघांत उघडी, मिटी. दोन-तीन उन्हाळ्यांत काड्या खिळखिळ्या होत, कडा फाटत. मग ज्यास ते जपावेसे वाटे तो काड्या काढून घेई, कागदाचे थर सोडवून दोन्ही बाजू अलग करी, पान ओले करून घड्या दाबी, आणि पोथीसारख्या चित्रवहीत चिकटवी. सुंग काळातील गोल पंख्यांचे रेशीमही असेच वह्यांतून उरले आहे. आज जगातील संग्रहालयांत जी पंख्यांची पाने आहेत त्यांतील पुष्कळ अशा वह्यांमुळेच वाचली. पंखा म्हणून ती मेली तेव्हाच कागद म्हणून जगली.

संग्राहकांतही तऱ्हा होत्या. चिआ-शिंग येथील सावकार श्यांग युआन-पिएन (१५२५–१५९०) हा आपल्या चित्रांवर इतक्या मुद्रा उठवी की रसिकांनी त्याची निर्भर्त्सना केली आहे. परंतु तोच मनुष्य पुष्कळ वस्तूंवर आपण दिलेली किंमतही टिपून ठेवी, आणि त्या टिपणांवरून सोळाव्या शतकातील चित्रबाजार आज कळतो. इतिहासाच्या दृष्टीने आम्ही त्यास शंभर अपराध माफ करू. चौ लियांग-कुंग (१६१२–१६७२) याने समकालीन चित्रकारांकडून लहान लहान पाने मागवून वह्या बांधल्या आणि त्या चित्रकारांची चरित्रे लिहून ठेवली. कित्येकांचे नाव त्याच्याच लेखणीमुळे उरले. पुढे छिएन-लुंग बादशहाच्या आज्ञेने इ.स. १७४५ त राजसंग्रहाची जी यादी सिद्ध झाली तीत वस्तूचे माप, कागद वा रेशीम, लेखाचा मजकूर, प्रत्येक मुद्रा, हे सर्व नोंदले आहे. इ.स. १७४५ म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ. आपल्या दफ्तरांत पैशापैशाचा हिशेब सापडतो. पण घरातल्या पोथ्यांची आणि चित्रांची अशी यादी केलेली आम्ही अजून पाहिली नाही.

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार पालटला. इ.स. १८४२ च्या तहाने शांघाय बंदर परकीयांस खुले झाले, आणि पुढे ताइपिंग बंडात (१८५०–१८६४) सूचौ, हांगचौ, नानकिंग ही जुनी शहरे होरपळली तेव्हा चित्रकार शांघायला जमले. तेथे गिऱ्हाईक व्यापारी. चित्रकारांनी भावपत्रके छापली: उभ्या पटास इतके, चित्रवहीच्या पानास इतके, पंख्यास इतके. पंखा सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत अधिक खपे. रन पो-निएन या प्रख्यात चित्रकाराविषयी अशी आख्यायिका आहे की, तो पोरवयात रन शिउंग या नावाजलेल्या चित्रकाराच्या खोट्या सहीचे पंखे रस्त्यावर विकत असता खुद्द रन शिउंगच तेथे येऊन उभा राहिला, आणि शिक्षा करण्याऐवजी त्याने त्यास शिकविण्याची व्यवस्था केली. इतिहास म्हणून आम्ही ती मांडीत नाही. परंतु अशी कथा प्रचलित व्हावी यावरून बाजार कसा होता ते दिसते.

येथेच नाव खरवडण्याचे कारण सापडते. भाव देऊन घेतलेल्या पंख्यावरही घेणाराचे नाव घालण्याची चाल होती, कारण नावाशिवाय तो मित्रत्वाचा वाटत नसे. पुढे त्या घरास दुर्दिन आले की पंखा बाजारात जाई. नवा घेणारा म्हणे, दुसऱ्याच्या नावाचा पंखा मी भिंतीवर कसा लावू? विकणाऱ्या घरासही लाज वाटे, की वडिलांस प्रेमाने मिळालेली वस्तू आपण विकली हे जगास कळेल. दोघांचीही सोय एका चाकूने होई. चित्रकाराचे नाव राखीत, कारण त्यास किंमत. घेणाराचे काढीत, कारण त्यास किंमत नाही. एवढ्यावरून घेणारा कोणी सामान्य मनुष्य होता असे समजू नये. कधी तो राजद्रोही ठरला असेल, कधी त्याचे घराणे बुडाले असेल. खरवडलेली जागा त्यांतले काहीच सांगत नाही.

असे पंखे आपल्याकडे का आले नाहीत, हेही येथेच सांगून टाकतो. चीनचा माल आपणांस परका नव्हता. कालिदासाने चीनांशुकाचा उल्लेख केला आहे, आणि चिनी माती हा शब्द तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू कँटनास जाई. सर जमशेटजी जीजीभाई यांनी इ.स. १७९९ त कोवळ्या वयात पहिली चीनची सफर केली. त्या व्यापारातून पारशी घरांत भरतकामाचे रेशमी गारे आले, चिनी मातीची भांडी आली, हस्तिदंती व लाखकामाचे पंखेही आले. पण कँटनचे ते पंखे परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेले, रंगीबेरंगी, गर्दीने भरलेले. मित्राने मित्रास लिहिलेला काळ्या शाईचा पंखा बंदरावर विकावयास ठेवीत नसत. आणि ठेवला असता तरी न वाचता येणाऱ्या अक्षरांस आमच्याकडे कोणी पैसे मोजले असते असे वाटत नाही. सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांचे संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमास, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास, मिळाले. त्यांत चिनी माती, जेड, तपकिरीच्या कुप्या यांचे वैभव जिज्ञासूंनी अवश्य पाहावे. अक्षरे वाचण्याचे काम मात्र पुण्याने केले, तेही बौद्ध ग्रंथांच्या निमित्ताने: प्रा. पु. वि. बापट व प्रा. वासुदेव गोखले या दोघा विद्वानांनी संस्कृत-पालीच्या जोडीस चिनी भाषा शिकून मूळ ग्रंथांशी ताडून पाहिली. युरोप-अमेरिकेतील संग्राहकांनीही एकोणिसाव्या शतकातील शाईच्या पानांकडे दीर्घकाळ पाठ फिरविली होती. रॉबर्ट एल्सवर्थ नावाच्या व्यापाऱ्याने ती जमवून इ.स. १९८६ त न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिली, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले.

आता आमच्या हातातील पानाचा काल ठरवू. येथे चिनी कागद वाचणारा आणि मोडी कागद वाचणारा हे सख्खे भाऊ निघतात. चिनी गणनेत दहा स्कंध व बारा शाखा आहेत; त्यांच्या जोड्या ओळीने लावल्या असता साठ वर्षांनी पहिली जोडी फिरून येते. आपल्याकडे प्रभवादी साठ संवत्सरांचे चक्र आहे. दोन्ही चक्रांचा उगम भिन्न, पण लांबी एक, आणि आरंभ अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने: चिनी चक्र इ.स. १९८४ त सुरू झाले, आपला प्रभव इ.स. १९८७ त. त्यांचा महिना आपल्या महाराष्ट्राप्रमाणेच अमावास्येपासून मोजला जातो. त्यांचाही अधिक मास आहे, आणि तो ठरविण्याचा नियम आपल्या 'संक्रांतिरहित महिना अधिक' या नियमाचाच जुळा होय. त्यांचा पहिला महिना बहुधा आपल्या माघाशी, क्वचित् फाल्गुनाशी जुळतो. आम्ही पंचांग घेऊन अनेक वर्षांचा मेळ घालून पाहिला आणि त्यात एक संपूर्ण पावसाळा आनंदाने घालविला.

परंतु चक्राचा दोष तोच. चित्रकार चक्रातील वर्षाचे नाव लिहितो, फेरा कितवा ते लिहीत नाही. वेन चंग-मिंग इ.स. १४७० त जन्मून १५५९ त वारला. तेव्हा ची-वेइ हे वर्ष त्याच्या आयुष्यात दोनदा आले, एकदा १४९९ त आणि एकदा अंतकाळी. त्याच्या पंख्यावर नुसते ची-वेइ असले तर तो तरुणाचा हात की वृद्धाचा, हे अक्षरावरून ठरवावे लागते. मोठ्यांच्या बाबतीत ते साधते, कारण ताडून पाहण्यास शेकडो नमुने आहेत. आमच्या पानावरचे वर्ष तिंग-यू आहे. म्हणजे इ.स. १८३७ अथवा १८९७. कागदाच्या व शाईच्या मानाने याच्या अलीकडे वा पलीकडे जाण्याचे कारण दिसत नाही, असे स्नेह्यांचे मत पडले. चित्रकाराचे नाव कोणत्याही चरित्रकोशात मिळाले नाही.

१८३७ आणि १८९७! पहिले असेल तर अफूचे युद्ध अजून दोन वर्षे दूर आहे, सूचौचे बगीचे शाबूत आहेत, आणि कोणी एक गृहस्थ आपल्या मित्रास शांतपणे वेळू लिहून देत आहे. दुसरे असेल तर ताइपिंगच्या आगीत लक्षावधी माणसे मेली आहेत, जपानकडून चीनचा पराभव होऊन दोन वर्षे लोटली आहेत, आणि हाच वेळू, जो चिनी कवींच्या मते वाकतो पण मोडत नाही, निराळेच काही बोलत आहे. चित्र तेच, रेघ तीच. पण ते कशाचे चित्र आहे हे आम्हांस सांगता येत नाही. ज्यास पंखा दिला त्याचे नाव असते तर बहुधा सांगता आले असते. चित्रकार अप्रसिद्ध असला तरी घेणारा एखादा परीक्षोत्तीर्ण अधिकारी असू शकला असता, आणि अशांच्या याद्या उपलब्ध आहेत. किंमत नाही म्हणून जी दोन अक्षरे काढली, त्यांतच पानाचा काल होता.

आता कबुली.

इ.स. १९८४ च्या सुमारास आम्ही नव्याने शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो. इतिहासाचे वेड होते, शिस्त नव्हती. याच भागातील एका घरी माळ्यावर मोडी कागदांचे एक गाठोडे होते. घरधन्यांनी ते विश्वासाने आमच्या स्वाधीन केले. मुलांस शिवकालीन व पेशवेकालीन मुद्रा प्रत्यक्ष दाखवाव्यात या उत्साहाने आम्ही त्या कागदांवरील मुद्रा कापून काढल्या, कात्रीने सभोवार गोल करून, सुबक दिसाव्यात म्हणून, आणि एका वहीत चिकटविल्या. वहीचे फार कौतुक झाले. कोणती मुद्रा कोणत्या कागदावरची, हे लिहून ठेवावे असे आम्हांस सुचले नाही. मूळ कागद गुंडाळून ठेवले. वि. का. राजवाड्यांनी हयातभर गावोगाव हिंडून एकेक चिटोरा जपला, त्यांची प्रस्तावना आम्ही वर्गात वाचून दाखवीत होतो आणि घरी येऊन हे करीत होतो.

पंख्याचे पान परत देण्यापूर्वी आम्ही ते जुने गाठोडे सोडले. त्यात एक आज्ञापत्र आहे. मावळातील एका शेताच्या भातलावणीवरून दोन कुळांत तंटा होता. लावणी अडवू नये, पिकाचा निवाडा मागून होईल, असे त्यात सांगितले आहे. आज्ञा सेनापतींची. व्यक्तीचे नाव मजकुरात नाही. ते मुद्रेत होते, आणि मुद्रेच्या जागी चौकोनी भोक आहे. तिथी रमजान महिन्यातील चंद्राची दिली आहे, सन दिलेला नाही. असे कागद वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत.

दाभाडे घराण्यात सेनापतिपद तिघांकडे होते: खंडेराव इ.स. १७१७ पासून १७२९ पर्यंत, त्रिंबकराव १७२९ पासून डभईच्या लढाईत १७३१ त पडेपर्यंत, आणि त्यानंतर यशवंतराव. हिजरी महिने ऋतूंतून मागे मागे सरकतात आणि सुमारे साडेबत्तीस वर्षांनी त्याच ऋतूत येतात. मावळात भातलावणी आषाढात. त्या सुमारास रमजान येतो तो इ.स. १७१९ ते १७२२ या वर्षांत, आणि फिरून १७५१ ते १७५३ या वर्षांत. त्रिंबकरावांच्या वेळी रमजान उन्हाळ्याच्या तोंडाशी होता. सबब ते गळतात. राहिले खंडेराव किंवा यशवंतराव.

खंडेरावांचा असेल तर तो भर वैभवातील एक किरकोळ हुकूम, ज्यासारखे अनेक निघाले असतील. यशवंतरावांचा असेल तर गोष्ट वेगळी. इ.स. १७५१ त दमाजी गायकवाड ताराबाईंच्या पक्षाने साताऱ्यावर चालून आले, त्यांस नानासाहेब पेशव्यांनी कैद केले, आणि पाठोपाठ दाभाडे मंडळींसही अटकेत टाकले. त्या वर्षांत, घराणे कोसळत असता, सेनापतींच्या नावाने मावळातील एका शेताची लावणी अडू नये म्हणून आज्ञा निघत होती काय, आणि ती कोण काढीत होते? उमाबाई तेव्हा हयात होत्या, त्या इ.स. १७५३ त वारल्या. कागद नानासाहेबांच्या कारवाईनंतरचा ठरला तर दाभाड्यांच्या अखेरच्या दिवसांतील कारभारावर प्रकाश टाकणारा म्हणून तो छापावयास हवा. पण आम्ही तो छापू शकत नाही.

आमच्या वहीत खंडेरावांची मुद्रा आहे आणि यशवंतरावांचीही आहे. दोन्ही सुबक गोल कापलेल्या. भोकाच्या कडेशी कोणतीच जुळत नाही, कारण मधला कागद आम्हीच कात्रीने टाकून दिला. अक्षरवटिकेवरून निर्णय व्हावा म्हणून दोन जाणकारांस कागद दाखविला; एकाने पहिल्या काळाकडे कौल दिला, दुसऱ्याने दुसऱ्याकडे. शाईही सारखीच दिसते.

पान आम्ही विद्यार्थ्यास परत केले. त्याच्या संमतीने चौकटीच्या मागे एक कागद लावला आहे. त्यावर पानाचे माप, लेखाचे वाचन, मुद्रेचे वाचन, दोन्ही संभाव्य वर्षे, खरवडलेल्या जागेचे ठिकाण व लांबी, आणि ते कोठून व कोणत्या साली घेतले, एवढे शिसपेन्सिलीने लिहिले आहे. "गुरुजी, खोडलेल्या जागेचे माप कशास?" असे तो विचारीत होता. दोन अक्षरांची जागा आहे, तीनची नाही, एवढे तरी कळेल, असे आम्ही सांगितले.

आज्ञापत्र आणि त्या दोन मुद्रा आता एकाच वेष्टनात आहेत. मुद्रा वहीतून सोडविल्या, पण कागदावर चिकटविलेल्या नाहीत. घरधन्यांचे चिरंजीव पुढील महिन्यात गाठोडे न्यावयास येणार आहेत. त्यांस द्यावयाची हकीकत लिहून तयार आहे, आणि तीत मुद्रा कोणी कापल्या त्याचे नाव घातले आहे.